बुरशीचा जीनस ओळखायचा कसा: आजच्या आणि जीवाश्म बुरश्या, पायरी पायरीने

बुरशी ओळखायला बसलेला जवळपास प्रत्येक जण आधी रंग बघतो. हिरवी दिसली की पेनिसिलियम, काळी दिसली की ॲस्परजिलस, पांढरी पिंजलेली दिसली की म्युकर, आणि मग त्या नावाला जुळणारी लक्षणं शोधत बसायचं. हे सगळं उलटं चाललंय. ट्रायकोडर्मासुद्धा हिरवीच असते, आणि एकट्या ॲस्परजिलसमध्येच हिरव्या, पिवळ्या, काळ्या, तपकिरी सगळ्या छटा सापडतात. जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरतो तो स्पोअर, म्हणजे बुरशीचा बीजाणू, कुठे तयार होतो, कशावर तयार होतो आणि सुटतो कसा यावरून. रंग शेवटी, पुरवणी पुरावा म्हणून.

जीवाश्म बुरशीत आणखी एक गोम आहे. जिवंत बुरशीचा जीनस म्हणजे नात्याचा दावा असतो, या सगळ्या जाती एकाच पूर्वजाच्या वंशातल्या असं आपण म्हणत असतो. जीवाश्म स्पोअरचे बहुतेक जीनस मात्र निव्वळ आकाराचे कप्पे आहेत, दोन पेशी आणि छिद्र नाही तर या कप्प्यात, एका टोकाला छिद्र असेल तर त्या कप्प्यात, बस्स. दोन्ही प्रकारची नावं लॅटिन थाटाचीच दिसतात म्हणून लोक एकसारखी वापरतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. हा फरक डोक्यात ठेवून पुढे चला.

पायरी १: ती बुरशी आहे का हे आधी बघा

बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन नावाचा पदार्थ असतो, क्लोरोफिल नसतं, आणि ती अन्न गिळत नाही, बाहेर एन्झाइम सोडून विरघळलेलं शोषून घेते. हे सगळं मायक्रोस्कोपखाली थेट दिसत नाही, त्यामुळे नकली मंडळी आधी बाजूला काढायची. फायटोफ्थोरा, पिथियम, सॅप्रोलेग्निया हे ऊमायसीट दिसायला अगदी बुरशीसारखे, पण त्यांच्या भित्तीत मुख्यतः सेल्युलोज असतं, पोहणाऱ्या स्पोअरला दोन शेपट्या असतात आणि त्यांचं जवळचं नातं तपकिरी शेवाळ आणि डायटमशी आहे. रुंद, बिनपडद्याचे तंतू आणि सोबत जाड भिंतीचा गोल लैंगिक स्पोअर (ऊस्पोअर), त्याला बाजूने चिकटलेली नर पेशी, असं दिसलं की ऊमायसीट समजा आणि ते सॅम्पल वेगळं ठेवा. स्लाइम मोल्ड, उदाहरणार्थ फायसारम, अमीबांच्या गोतावळ्यातले. आणि तंतू फारच बारीक, साधारण १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून कमी दिसले तर ते स्ट्रेप्टोमायसिससारखे बॅक्टेरिया असायची शक्यता जास्त, कारण बुरशीचे तंतू बहुतेक वेळा २ ते १० मायक्रॉनचे असतात.

पायरी २: मोठा नकाशा डोक्यात ठेवा

जुन्या पाठ्यपुस्तकातला चार खणांचा नकाशा, म्हणजे फायकोमायसीट, ॲस्कोमायसीट, बॅसिडिओमायसीट, ड्युटेरोमायसीट, आता विसरा. ड्युटेरोमायसीट म्हणजे लैंगिक अवस्था न सापडलेल्या बुरश्यांचं गोदाम होतं, ते वर्गीकरणातून मोडीत निघालंय, जरी बोलताना लोक अजून हा शब्द वापरतात. बुरशी आणि वनस्पतींच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम सांगणाऱ्या २०११ च्या मेलबर्न संहितेने एका बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावं द्यायची सवलत काढून टाकली आणि १ जानेवारी २०१३ पासून एक बुरशी, एक नाव असा नियम आहे. म्हणून जुनी पुस्तकं वापरताना नाव चालू आहे की नाही ते इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या ऑनलाइन नोंदवह्यांत तपासायचंच.

आजचा नकाशा ढोबळमानाने असा. कायट्रिड, म्हणजे ज्यांच्या स्पोअरला मागे एक शेपूट असते आणि जे पाण्यात पोहतात, त्यातली बेडकांना मारणारी बॅट्राकोकायट्रियम १९९९ मध्ये नामांकित झाली. ॲलोमायसिससारख्या ब्लास्टोक्लॅडिया. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या निओकॅलिमॅस्टिक्ससारख्या बुरश्या. मग पूर्वीचं झायगोमायकोटा, जे २०१६ मध्ये म्युकोरोमायकोटा आणि झूपॅगोमायकोटा असं दोन भागांत विभागलं गेलं. मुळांत राहणारी ग्लोमस मंडळी, त्यांना काही जण म्युकोरोमायकोटामध्ये घालतात तर काही जण स्वतंत्र धरतात. आणि शेवटी दोन बडी घराणी, ॲस्कोमायकोटा आणि बॅसिडिओमायकोटा. नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत आणि २०१७ चा गाजलेला अंदाज प्रत्यक्षात २२ ते ३८ लाख असतील असा होता. त्यामुळे समोरचं सॅम्पल कुठल्याच पुस्तकात नसणं ही रोजचीच गोष्ट आहे, घाबरू नका.

पायरी ३: स्लाइड नीट बनवा, अर्धं काम तिथेच होतं

पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज आगार) या वाढीच्या माध्यमावर २५ अंश सेल्सिअसला ५ ते ७ दिवस वाढवा, प्लेटचा वरचा आणि मागचा रंग दोन्ही लिहून ठेवा, आणि प्लेट उघडून वास घेऊ नका, ॲस्परजिलसचे स्पोअर फुप्फुसात जायला एक श्वास पुरतो. सुईने खरवडून बनवलेल्या स्लाइडमध्ये स्पोअर दिसतात पण ते ज्यावर बसले होते तो सांगाडा मोडतो, आणि आपल्याला तर तोच बघायचाय. म्हणून पारदर्शक चिकटपट्टी कॉलनीच्या कडेला हलकेच टेकवायची, मधोमध नाही, कारण मध्यभागी सगळं पिकून स्पोअरचा चिखल झालेला असतो, कडेला कोवळी रचना मिळते. पट्टी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रवाच्या थेंबावर ठेवा, आधी १० एक्स, मग ४० एक्स. सुकलेल्या भूछत्राचा किंवा हर्बेरियममधला तुकडा असेल तर ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगवून घ्या. आयपीसमधली मोजपट्टी कॅलिब्रेट केलेली हवी, "लहान" आणि "मोठा" असल्या नोंदींचा कोणालाही उपयोग नाही.

पायरी ४: तंतूत पडदे आहेत का

हा पहिला खरा फाटा. तंतू रुंद, रिबिनीसारखे वळलेले, पडदे जवळजवळ नाहीतच, तर म्युकोरोमायकोटाकडे चला. नियमित अंतरावर आडवे पडदे असतील तर ॲस्कोमायकोटा किंवा बॅसिडिओमायकोटा. म्हाताऱ्या झालेल्या म्युकरमध्येही अधूनमधून पडदे येतात, म्हणून वाढतं टोक बघून ठरवा.

पडद्याशेजारी बाजूला एक छोटा वळसा दिसला, म्हणजे क्लॅम्प, तर ती बॅसिडिओमायकोटाच. पण क्लॅम्प नाही म्हणून ती बॅसिडिओमायकोटा नाही असं म्हणता येत नाही, या गटातल्या कितीतरी बुरश्यांना क्लॅम्प नसतोच.

पायरी ५: बिनपडद्याच्या बुरश्या

इथे स्पोअर एका पिशवीत, स्पोरँजियममध्ये असतात आणि पिशवीच्या आत कॉल्युमेला नावाचा घुमट असतो. रायझोपसमध्ये आडवा धावणारा तंतू असतो, तो जिथे टेकतो तिथे मुळांसारखे रायझॉइड फुटतात आणि देठ बरोबर त्यांच्या डोक्यावरून उभे राहतात. लिक्थायमिया आणि ॲब्सिडियामध्ये रायझॉइड असतात पण देठ दोन रायझॉइडच्या मधून निघतात आणि पिशवीखाली देठ नरसाळ्यासारखा रुंदावतो. म्युकरमध्ये रायझॉइडही नाहीत आणि आडवा तंतूही नाही. एवढ्या तीन ओळींवर रोजची बहुतेक कामं निभावतात, फक्त चिकटपट्टीत रायझॉइड येत नाहीत, ते बघायला प्लेट उलटी करून थेट १० एक्सखाली धरा.

सिन्सेफॅलॅस्ट्रमपासून मात्र सावध राहा. फुगीर डोकं, त्यावर चहूबाजूंनी काड्या, काड्यांत ओळीने स्पोअर, घाईत बघितलं की ॲस्परजिलसच. पण त्या काड्या म्हणजे लांबट पिशव्या आहेत, स्पोअर त्यांच्या आत आहेत आणि खालचा तंतू रुंद, बिनपडद्याचा आहे. डोकं बघून थांबलात तर फसलात, नजर देठावरून खाली उतरवायचीच.

पायरी ६: कोनिडिया, म्हणजे उघड्यावर तयार होणारे स्पोअर

ॲस्परजिलसमध्ये एका जाड पायपेशीवरून देठ उठतो, सहसा पडद्याविना, वर जाऊन फुगतो आणि त्या फुग्यावर बाटलीच्या आकाराच्या फायलाइड पेशी एका किंवा दोन थरांत बसतात. पेनिसिलियममध्ये फुगा नसतो, देठाला पडदे असतात आणि वर फांद्या फुटून ब्रशचा आकार येतो. पूर्वी पेनिसिलियममध्ये असलेल्या, निमुळत्या भाल्यासारख्या फायलाइडच्या कितीतरी जाती २०११ मध्ये टॅलॅरोमायसिसमध्ये गेल्या, त्यामुळे ब्रश दिसला म्हणून लगेच शिक्का मारू नका. ट्रायकोडर्मात फायलाइड पोटात फुगलेल्या, फांद्या जवळपास काटकोनात आणि कोनिडिया साखळीत न राहता ओलसर गोळ्यात जमतात, साखळी की गोळा हा प्रश्न हिरव्या बुरशीला पहिल्यांदा विचारा.

फ्युझेरियमची खूण म्हणजे विळ्यासारखा वाकलेला, बहुधा ३ ते ५ पडद्यांचा मोठा कोनिडियम आणि त्याच्या बुडाशी पावलासारखा कोन असलेली पेशी. हे मोठे कोनिडिया पीडीएवर कधी कधी येतच नाहीत, निर्जंतुक पानाचा तुकडा टाकलेल्या आगारवर प्रयत्न करा.

काळपट भिंतीच्या बुरश्यांकडे जरा जास्त वेळ द्या, कारण जीवाश्मांत हेच आपल्याला पुन्हा भेटणार आहेत. अल्टरनेरियात आडवे आणि उभे दोन्ही पडदे, एक टोक चोचीसारखं निमुळतं आणि स्पोअर बऱ्याचदा साखळीत. कर्व्ह्युलेरियात बहुधा तीन पडदे, म्हणजे चार पेशी, त्यातली बुडापासून तिसरी फुगलेली आणि गडद, त्यामुळे अख्खा स्पोअर तिथे वाकतो. क्लॅडोस्पोरियमच्या साखळ्या फांद्या फुटलेल्या आणि प्रत्येक स्पोअरच्या टोकाला गडद जाड व्रण.

पायरी ७: ॲस्कस शोधा

ॲस्कस म्हणजे बहुधा ८ स्पोअर असलेली नळी किंवा पिशवी. ती कशात बसलीय यावरून पुढचा मार्ग ठरतो: बंद गोळा म्हणजे क्लिस्टोथेसियम, वर तोंड असलेली सुरई म्हणजे पेरिथेसियम, उघडी वाटी म्हणजे ॲपोथेसियम. केटोमियमच्या सुरईवर लांब केस असतात आणि स्पोअर तपकिरी, लिंबाच्या आकाराचे, पण त्याचे ॲस्कस लवकर विरघळतात. पिकलेल्या सुरईत ८ चा हिशोब शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, कोवळी सुरई फोडा. झायलेरिया आणि तिच्या नातलगांच्या गडद स्पोअरवर लांबीच्या दिशेने एक चीर असते, जर्म स्लिट, ही चीर नीट लक्षात ठेवा.

पायरी ८: भूछत्रं आणि तांबेरा

भूछत्राचा स्पोअर प्रिंट घेतल्याशिवाय नाव घेऊ नका. टोपी देठापासून कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर कल्ले खाली करून ठेवायची, वर ग्लास पालथा घालायचा, रात्रभरात रंग उमटतो. ॲगॅरिकसचा प्रिंट चॉकलेटी, कल्ले देठाला न चिकटलेले, देठावर वलय. अमानिटाचा पांढरा, आणि बुडाशी पिशवीचे अवशेष, जे जमिनीतून न खणता उपटलं की मातीतच राहतात, म्हणून सुरीने खोल खणून काढा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा प्रिंट हिरवट येतो. काळ्या शाईसारखी विरघळणारी सगळी भूछत्रं पूर्वी कोप्रायनसमध्ये होती, २००१ मध्ये तो जीनस फुटला आणि कोप्रिनॉप्सिस, कोप्रिनेलस, पॅरासोला वेगळे झाले. गॅनोडर्माच्या स्पोअरला दुहेरी भिंत आणि एक टोक छाटल्यासारखं. आणि एक सांगून ठेवतो, जीनस ओळखता आला म्हणजे खाता येतं असा अर्थ काढू नका, हा लेख खाण्यासाठी नाहीच.

तांबेऱ्यात टेलिओस्पोअरच्या, म्हणजे जाड भिंतीच्या विश्रांती-स्पोअरच्या, पेशी मोजल्या की बरंच काम होतं: देठावर एक पेशी तर युरोमायसिस, दोन तर पक्सिनिया, ओळीने अनेक तर फ्रॅग्मिडियम.

पायरी ९: जीवाश्म

पहिला प्रश्न, हे खरंच जुनं आहे का? दगडाच्या भेगेत, साठवणुकीच्या डब्यात, अगदी तयार स्लाइडच्या माध्यमातसुद्धा आजची बुरशी वाढते. खरा जीवाश्म स्पोअर बहुधा चपटा झालेला किंवा खनिजाने भरलेला असतो, त्याची गडदता आजूबाजूच्या सेंद्रिय कणांशी जुळते, आणि कॉटन ब्लूने आतला जीवद्रव्य रंगत नाही कारण तो शिल्लकच नसतो. पातळ काप असेल तर तंतू वनस्पतीच्या पेशीत शिरताना दिसला पाहिजे, कापाच्या वर पसरलेला नको.

दुसरा प्रश्न, तो कशात जपला गेलाय, कारण त्यावर पद्धत ठरते. स्कॉटलंडच्या राइनी चर्ट या सिलिकाच्या दगडात, सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी, गरम झऱ्यांच्या सिलिकाने अख्खी परिसंस्था जागच्या जागी गोठवली. तिथे दगड विरघळवायचा नाही, पातळ काप घ्यायचे, कारण बुरशी कुठल्या पेशीत होती हीच खरी माहिती. अशा कापांतच ॲग्लाओफायटन वनस्पतीच्या पेशींत ग्लोमायटिस राइनिएन्सिसच्या झुडपासारख्या फांद्या दिसल्या, आजच्या मायकोरायझासारख्याच (मुळांच्या सोबतीने राहणारी बुरशी), आणि पॅलिओपायरेनोमायसायटिस डेव्होनिकसच्या सुरया ॲस्टेरोझायलॉनच्या सालीखाली सापडल्या, आत ॲस्कससकट. इथे नाव नात्यावर उभं आहे, कारण पूर्ण रचना हातात आहे. ॲम्बरमध्ये, म्हणजे जीवाश्म झालेल्या झाडाच्या राळेत, तर टोपी-देठासकट भूछत्रं मिळतात, न्यू जर्सीच्या ॲम्बरमधला आर्किओमॅरॅस्मियस साधारण ९ कोटी वर्षांचा. त्याहून जुना गोंडवानागॅरिसायटिस ब्राझीलच्या क्रॅटो चुनखडीतला, वय ११ कोटींच्या वर, २०१७ मध्ये त्याला नाव मिळालं. मऊ भूछत्र दगडात टिकणं हे नशीबच म्हणायचं.

आपल्यासारख्यांच्या हाती मात्र बहुतेक वेळा येतात ते दगडातून किंवा गाळातून सोडवलेले सुटे स्पोअर. सिलिकेट विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं, ते फक्त त्यासाठी बांधलेल्या फ्यूम हूडमध्ये आणि प्रशिक्षित माणसाने वापरायचं, घरी अजिबात नाही. चाळणीचं बघा: पराग मिळवायला लावलेल्या १० मायक्रॉनच्या जाळीतून लहान स्पोअर निघून जातात आणि मग अहवालात "बुरशी कमी" असं लिहिलं जातं. शिवाय मेलॅनिन हे रंगद्रव्य असलेल्या गडद भिंतीच टिकतात, रंगहीन स्पोअर बहुतेक नष्ट होतात, त्यामुळे या नोंदीत काळपट ॲस्कोमायकोटाची गर्दी दिसते ती त्या काळच्या जंगलाचं खरं प्रमाण नव्हे.

आता नाव. क्रम ठरलेला आहे: पेशी मोजा, मग छिद्रं, मग मांडणी, मग भिंतीवरची नक्षी. एकच पेशी आणि छिद्र नाही तर इनॅपर्टिस्पोरायटिस, एक छिद्र तर मोनोपोरिस्पोरायटिस, दोन छिद्रं तर डायपोरिस्पोरायटिस. एकच पेशी पण लांबीच्या दिशेने चीर असेल तर हायपॉक्सिलोनायटिस, पायरी ७ मधली झायलेरियाची चीर ती हीच. दोन पेशी, छिद्र नाही, तर डायसेलीस्पोरायटिस, दोन पेशी आणि दोन्ही टोकांना छिद्र तर डायॅडोस्पोरायटिस, आणि दोन पेशींच्या चातीसारख्या स्पोअरवर टोकापासून टोकापर्यंत उभ्या रेषा असतील तर फ्युझिफॉर्मिस्पोरायटिस. ओळीने अनेक पेशी असतील तर पुन्हा तोच प्रश्न: छिद्र नाही तर मल्टिसेलीस्पोरायटिस, एका टोकाला तर प्लुरिसेलीस्पोरायटिस, दोन्हींना तर डायपोरिसेलीस्पोरायटिस. गुंडाळी असेल तर इन्व्होल्युटिस्पोरोनायटिस, वेडावाकडा पुंजका असेल तर स्टॅफ्लोस्पोरोनायटिस.

सगळ्यात जास्त चुका छिद्रावर होतात. समजा चार पेशींचा गडद स्पोअर समोर आहे आणि टोकाला फिकट ठिपका दिसतोय. फाइन फोकस हळूहळू वर-खाली करा. खरं छिद्र असेल तर त्याची कड स्वच्छ असते, बऱ्याचदा भिंत तिथे थोडी जाड होते, आणि ते अक्षावर असतं. मोडल्याची जागा असेल तर कड दातेरी दिसते. पडद्यातल्या मधल्या छिद्राला टोकाचं छिद्र समजू नका, ते पेशी आणि पेशीच्या मध्ये असतं. आणि पेशी एका टोकाकडे लहान, फिकट होत गेल्या असतील, पडदे मात्र जाड काळे असतील, तर प्लुरिसेलीस्पोरायटिस लिहिण्याआधी ब्रॅकिस्पोरिस्पोरायटिस पडताळून बघा.

पानांच्या जीवाश्म क्युटिकलवर, म्हणजे पानाच्या मेणचट बाह्य थरावर, चपट्या, चकतीसारख्या फळरचना दिसतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या पेशींच्या ओळी मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या. बऱ्याच पेशींना प्रत्येकी एक छिद्र असेल तर कॅलिमोथॅलस, पेशींना छिद्रं नाहीत आणि मधोमध तोंडही नाही तर फ्रॅग्मोथायरायटिस. यांचे आजचे नातलग बहुधा दमट हवेत पानांवर वाढतात, म्हणून पुराहवामानवाल्यांना या चकत्या आवडतात, फक्त एका चकतीवरून अख्खं पावसाळी जंगल उभं करू नये.

जिवंत जीनसचं नाव जीवाश्माला कधी लावायचं? माझं मत असं, काही हजार वर्षांच्या गाळात, आणि लक्षण दुसऱ्या कशातही नसेल तरच. चार काटेरी शेपट्यांचा टेट्राप्लोआ तसा आहे. शेणावर वाढणारा स्पोरोर्मिएला पण, आणि तो फार कामाचा, कारण तळ्याच्या गाळात त्याचं प्रमाण घटलं की आजूबाजूचे मोठे शाकाहारी प्राणी कमी झाले असा अंदाज बांधतात. त्याचा स्पोअर पेशीपेशीने सुटतो, मधल्या पेशीची दोन्ही टोकं सपाट छाटलेली आणि अंगावर नागमोडी चीर. ही सुटी पेशी एकपेशी समजून हायपॉक्सिलोनायटिसमध्ये टाकली जाते, म्हणून टोकं सपाट आहेत का ते बघाच.

काही नावांवर अजून भांडणं चालू आहेत, ती तशीच लिहावीत. प्रोटोटॅक्सायटिस, ८ मीटरपर्यंत उंच खांब, १८५९ मध्ये सूचिपर्णी झाड म्हणून नाव मिळालं, २००१ मध्ये ती बुरशी आहे असा जोरदार दावा झाला, आणि वाद मिटलेला नाही. पर्मियन आणि ट्रायासिक या भूकालखंडांच्या सीमेवर, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, भरमसाट दिसणारा रेडुव्हियास्पोरोनायटिस काहींच्या मते बुरशी, काहींच्या मते शेवाळ. कॅनडाच्या आर्क्टिकमधली ओरास्फायरा, सुमारे ९० कोटी ते १०० कोटी वर्षांची, २०१९ मध्ये कायटिनच्या खुणांवरून बुरशी म्हणून मांडली गेली, तीही सगळ्यांना पटलेली नाही.

पायरी १०: नोंद आणि खात्री

जिवंत कल्चर असेल तर आयटीएस नावाच्या भागाचा डीएनए वाचून घ्या, २०१२ पासून तोच बुरशीचा अधिकृत बारकोड मानला जातो. जीनसपर्यंत तो बहुधा पोचवतो, जातीसाठी मात्र फ्युझेरियममध्ये टीईएफ१ आणि ॲस्परजिलसमध्ये कॅल्मोड्युलिन हे जनुक लागतं. डेटाबेसमधलं पहिलं जुळणारं नाव डोळे झाकून उचलू नका, तिथेही चुकीच्या नावाने टाकलेले सीक्वेन्स आहेत, आपल्या स्लाइडशी पटतंय का बघा. जीवाश्माला ही सोय नाही, तिथे मोजमाप आणि फोटो हाच पुरावा, तोही एकाच स्पोअरचे वेगवेगळ्या फोकसचे निदान तीन फोटो.

लेबलवर ठिकाण, थर किंवा खोली, सबस्ट्रेट (बुरशी कशावर होती ते), तारीख, किती स्पोअर मोजले आणि किमान-कमाल माप हे सगळं पाहिजे. नवं नाव द्यायची वेळ आलीच तर २०१३ पासून मायकोबँक, इंडेक्स फंगोरम वा तत्सम मान्य नोंदवहीतून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, जीवाश्म बुरशीलासुद्धा. आणि सुटा जीवाश्म स्पोअर स्लाइडवर नेमका कुठे आहे ते इंग्लंड फाइंडर या चौकटी आखलेल्या संदर्भ-स्लाइडच्या आकड्यांत लिहा, नुसता स्टेजचा आकडा दिलात तर दुसऱ्या मायक्रोस्कोपवर तो स्पोअर कोणालाच सापडणार नाही.